ड्राइव्हच्या कार्डावरची एक पिन: रीवर्क (सोल्डर काढून भाग बदलण्याच्या) साधनांच्या निवडीचे आणि खरेदीचे एक प्रकरण

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या दुरुस्ती केंद्रात सहा टेबले आहेत. सीएनसी मशीनची कंट्रोल कार्डे, यंत्रांचे नियंत्रण करणाऱ्या पीएलसीचे मोड्यूल आणि मोटरचा वेग सांभाळणारे व्हीएफडी ड्राइव्ह यांची दुरुस्ती हे आमचे काम, आणि माल बहुतेक भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून येतो. गेल्या वर्षी जूनमध्ये एक मोठा ड्राइव्ह आमच्याकडे दुसऱ्यांदा आला. पहिल्या वेळी त्याचे डीसी बसवरचे, म्हणजे आतल्या डीसी विजेच्या मुख्य वाटेवरचे, कपॅसिटर बदलले होते. ते बदलताना एका कपॅसिटरची ऋण पिन काही केल्या सुटेना, म्हणून सोल्डरिंग स्टेशनचे तापमान ४५० अंशांवर नेले, वीस-पंचवीस सेकंद बिट (स्टेशनच्या हँडलचे तापणारे टोक) दाबून धरले, सोल्डर ओढणारा हातपंप मारला, आणि पिनेबरोबर भोकातली तांब्याची नळी व वरचे पॅड (भोकाभोवतीची तांब्याची चकती) दोन्ही उखडून हातात आले. मग जंपर, म्हणजे जोडणीची तार, मारला, चाचणी घेतली, ड्राइव्ह चालला आणि आम्ही तो पाठवून दिला. अकराव्या दिवशी तो परत आला, तेव्हा जंपरच्या मुळाशी कार्ड काळे पडले होते. ज्या जागेतून कपॅसिटरचा सगळा रिपल करंट (सतत चढउतार होणारा प्रवाह) जायचा, तिथे रुंद तांब्याऐवजी आम्ही एक तार ठेवली होती. ग्राहकाची एक पाळी बंद राहिली आणि दुरुस्तीचा खर्च आम्ही सोसला.

या प्रकाराचा राग आधी माणसावर निघाला. मालकांचे म्हणणे असे की, तंत्रज्ञांना पुन्हा प्रशिक्षण द्यावे. ज्यांच्या हातून हे झाले त्या ताई आमच्याकडे सगळ्यात अनुभवी आहेत, त्यांनी एवढेच सांगितले, "साहेब, बिट पिनेला लावलं की गार पडतं. आकडा साडेतीनशेच दाखवतो, पण सोल्डर हलत नाही. मग तापमान वाढवण्याशिवाय मी काय करू?" त्यांच्या या एका वाक्यात सगळे निदान होते, आणि पुढचे दोन महिने आम्ही जे केले ते ते वाक्य मोजून पाहण्याचे काम होते.

पिनेला उष्णता का पुरत नव्हती

शिसेयुक्त सोल्डर, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे, १८३ अंश सेल्सिअसला वितळते. शिसेविरहित एसएसी-३०५, ज्यात ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्के तांबे असते, ते २१७ ते २२० अंशांच्या दरम्यान वितळते. बिट साडेतीनशे अंशांवर असेल तर दोन्हींसाठी भरपूर अंतर शिल्लक राहते. अडचण तापमानाची नव्हती. ते तापमान पिनेपर्यंत पोहोचून टिकण्याची होती. डीसी बसची ऋण पिन रुंद तांब्याच्या थराला जोडलेली असते, आणि पॉवर कार्डावर तो थर अनेकदा ७० मायक्रॉनचा, म्हणजे नेहमीच्या ३५ मायक्रॉनच्या दुप्पट जाडीचा असतो. बिट टेकताच ती उष्णता पिनेत न थांबता त्या थरातून चहूकडे पसरते. विहिरीतून बादलीने पाणी काढावे आणि पाट फुटलेल्या वाफ्यात ओतावे, तसे होते.

स्वस्त स्टेशनमध्ये हीटर आणि तापमापक एका बाजूला आणि बिट त्यांच्यावर टोपीसारखे बसवलेले, अशी रचना असते. मधल्या फटीमुळे बिटाचे टोक थंड झाल्याची खबर तापमापकाला उशिरा लागते, तोवर पडद्यावर साडेतीनशेच दिसत राहते. त्यामुळे काम करणारा माणूस आकडा वाढवतो. वाढवलेल्या आकड्याने पिन सुटते खरी, पण एफआर-४ प्रकारच्या साध्या कार्डाची राळ १३०-१४० अंशांपासूनच मऊ व्हायला लागते, आणि तांब्याला धरून ठेवण्याची तिची ताकद कमी होते. जितका वेळ उष्णता लावून ठेवाल तितके पॅड सैल होते, आणि मग पंपाचा एक झटका पुरतो. म्हणून आम्ही एक गोष्ट ठरवली: साधनाची परीक्षा पडद्यावरच्या तापमानावर घ्यायची नाही, पिनेवरचे सोल्डर किती सेकंदांत आरपार वितळते, यावर घ्यायची.

याला दुसरी एक बाजू आहे. युरोपात शिशावरची बंदी १ जुलै २००६ पासून आली, पण औद्योगिक देखरेख आणि नियंत्रण उपकरणांना ती २२ जुलै २०१७ पासून लागू झाली. म्हणून आमच्या टेबलावर आज शिसेयुक्त जुने कार्ड आणि उद्या शिसेविरहित नवे कार्ड अशी सरमिसळ असते, आणि एकाच सवयीने दोन्ही हाताळली तर एकतर जुने जळते, नाहीतर नव्याचे सोल्डर अर्धवट वितळून जोड कच्चा (ड्राय) राहतो.

भंगार कार्डावरची चाचणी

आम्ही भंगारात पडलेली एकाच प्रकारची ड्राइव्ह कार्डे घेतली, प्रत्येकीवरची तीच ऋण पिन निवडली, आणि चाचणीत एकच माणूस, एकच ०.८ मिलिमीटरची ६३/३७ सोल्डर तार आणि एकच फ्लक्स (सोल्डर नीट वाहावे म्हणून लावायचा पदार्थ) ठेवला. सोल्डर शिसेविरहित होते, म्हणून आधी प्रत्येक पिनेवर थोडे शिसेयुक्त सोल्डर घालून दोन्ही मिसळून घेतले. सगळीकडे ३५० अंश. सेकंद मोजायला मोबाइलचा स्टॉपवॉच आणि पिनेच्या खालच्या बाजूला आरसा, म्हणजे सोल्डर खालपर्यंत चमकले की नाही हे कळावे.

आमच्याकडचे जुने स्टेशन हाक्को कंपनीच्या ९३६ या स्टेशनची नक्कल होते आणि त्यावर मशीनसोबत आलेले टोकदार, पेन्सिलसारखे बिट बसवलेले होते. पंधरा सेकंदांपर्यंत वरचे सोल्डर लोण्यासारखे झाले, खालचे हललेही नाही. त्याच स्टेशनवर छिन्नीसारखे रुंद बिट बसवल्यावर बाराव्या-तेराव्या सेकंदाला सोल्डर आरपार गेले. मग तेच काम हाक्को एफएक्स-८८८डीवर, ७० वॅट, रुंद बिट. सहा-सात सेकंद लागले. त्यानंतर एका ओळखीच्या कारखान्याकडून आठवड्यासाठी मागून आणलेले जेबीसी कंपनीचे स्टेशन, टी२४५ हँडल आणि सी२४५ काडतूस. तीन सेकंदांत काम झाले. या काडतुसात हीटर, तापमापक आणि टोक एकाच तुकड्यात असतात. टोक थंड व्हायला लागले की स्टेशनला लगेच कळते आणि वीज ओतली जाते. बिट पिनेला लागले की पडद्यावरच्या वीज दर्शवणाऱ्या पट्टीची उडी प्रत्यक्ष दिसते. हाक्कोची टी१२ मालिकाही याच तत्त्वावर चालते.

इथे थांबलो असतो तर सहा महाग स्टेशने घ्या, असाच निष्कर्ष निघाला असता, आणि मालकांनी तो मान्यही केला नसता. पण ताईंनी सुचवले म्हणून आम्ही कार्डाखाली हॉट प्लेट ठेवली, कार्डाची वरची बाजू साधारण १०० अंशांवर आणली आणि त्याच पिना पुन्हा केल्या. हाक्कोवर सहा सेकंदांचे तीन झाले. जुन्या नकली स्टेशनवरही रुंद बिटाने पाच-सहा सेकंदांत सोल्डर खालपर्यंत चमकले. या चाचणीत मला सगळ्यात मोलाची वाटली ती हीच गोष्ट. पॉवर कार्डावरच्या अडचणीचा मोठा भाग स्टेशनने सुटत नाही, कार्ड खालून गरम ठेवल्याने सुटतो. आणि ज्या बिटाचा विचार आपण सगळ्यात शेवटी करतो, त्याचा आकार स्टेशनच्या नावाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

चाचणीच्या ओघात आम्ही मल्टिमीटरने प्रत्येक बिटाच्या टोकापासून अर्थिंगपर्यंतचा रोध मोजला. स्थिर विजेपासून भाग वाचवण्याच्या ईएसडी एस-२०.२० या मानकाप्रमाणे तो नव्या साधनाचा २ ओहमच्या आत आणि वापरातल्याचा १० ओहमच्या आत असावा लागतो. आमच्या तीन जुन्या स्टेशनांपैकी दोन स्टेशनांवर मीटर जोडणीच दाखवेना. उघडून पाहिले तर हँडलच्या वायरीतला अर्थिंगचा पदर कनेक्टरला लावलेलाच नव्हता. एवढी वर्षे आम्ही मनगटाला पट्टा बांधून, जमिनीवर चटई घालून, अर्थिंग नसलेल्या बिटाने मॉसफेटच्या (स्थिर विजेने सहज बिघडणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) गेटला हात लावत होतो. हॉट एअरच्या एका स्वस्त ब्लोअरमध्येही तोच प्रकार निघाला आणि तो आम्ही त्याच दिवशी वापरातून काढला.

काय घ्यायचे ठरले

मालकांनी तीन लाखांच्या आसपास खर्च मंजूर केला होता. जेबीसीचे एकच स्टेशन घ्यायचे आणि ते पॉवर कार्डांच्या टेबलावर ठेवायचे, असे ठरले. इतर तीन टेबलांना हाक्को एफएक्स-८८८डी. त्याची दोन बटणांनी तापमान बसवण्याची पद्धत मला आजही किचकट वाटते. त्याच्या जागी आता घुंडी असलेले एफएक्स-८८८डीएक्स आले आहे. पण दोन्हींना टी१८ मालिकेचीच बिटे लागतात, आणि साठा करायचा झाला तर हे फार महत्त्वाचे आहे. उरलेली दोन टेबले वायर आणि कनेक्टरच्या कामाची असल्याने तिथे जुनीच स्टेशने अर्थिंग दुरुस्त करून ठेवली. एसएमडीसाठी, म्हणजे कार्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर केलेल्या भागांसाठी, क्विक ८६१डीडब्ल्यू हा १००० वॅटचा हॉट एअर, कारण छोट्या ब्लोअरने मोठा चिप काढताना माणूस हवा वाढवतो आणि शेजारचे रेझिस्टर उडून जातात. कार्ड खालून गरम ठेवणारा एक प्रीहीटर. आणि सोल्डर वितळवून ओढून घेणारी एक डीसोल्डरिंग गन, हाक्को एफआर-३०१, जिच्यात पंप गनच्या आतच असतो.

या गनबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण सैल झालेले पॅड शेवटी उखडले ते हातपंपाच्या झटक्याने. गनचे पोकळ टोक पिनेवर टोपीसारखे बसवायचे, सोल्डर वितळले की पिन भोकात हलक्या हाताने गोल फिरवायची, आणि ती चारी बाजूंनी मोकळी फिरते असे बोटाला कळले की मगच घोडा दाबून ओढ द्यायची. घाईने आधीच दाबले तर पिनेच्या एका कडेला सोल्डरची पातळ भिंत राहते, पुन्हा तापवावे लागते, आणि पुन्हा तापवणे म्हणजे पॅडवर दुसरा घाव. टोकाचे भोक पिनेपेक्षा किंचित मोठे हवे. पिनेलाच घासणारे टोक घेतले तर ते पॅडवर दाबले जाते. फिल्टर रोज साफ करावा लागतो, नाहीतर ओढ कमी होते आणि दोष गनचा वाटतो.

कपॅसिटरला हात लावण्यापूर्वी बस रिकामी करणे हा आमच्याकडचा जुना नियम आहे आणि तो या लेखातही लिहून ठेवतो: ४१५ व्होल्टच्या थ्री-फेज ड्राइव्हच्या डीसी बसवर ५८० व्होल्टच्या पुढे दाब असतो, आणि वीज काढल्यानंतरही काही मिनिटे तो मरत नाही. मीटरने मोजल्याशिवाय बिट लावायचे नाही.

कोणाकडून घ्यायचे

साधनांची यादी पंधरा दिवसांत झाली. पुरवठादार ठरवायला दीड महिना गेला, आणि माझ्या मते तेच योग्य होते. स्टेशन एकदा घ्यायचे असते. बिटे, काडतुसे, हीटर, गनची टोके आणि फिल्टर दर दोन-तीन महिन्यांनी लागतात, आणि ती वेळेवर व खरी मिळाली नाहीत तर उत्तम स्टेशन टेबलावर शोभेला उरते.

यापूर्वी आम्ही टी१२ प्रकारची काही बिटे एका ऑनलाइन विक्रेत्याकडून स्वस्तात मागवली होती. डबी हुबेहूब होती. तीन आठवड्यांत टोकावर सुईच्या अग्राएवढा खड्डा पडला आणि आठवड्याभरात तो पोखरत आत गेला. आत तांबे दिसत होते. बिटाचा गाभा तांब्याचा असतो आणि त्यावर लोखंडाचा मुलामा असतो, कारण कथील तांब्याला विरघळवून खाते, लोखंडाला फार सावकाश. तो मुलामा पातळ असला की बिट आतून जाते. परत करायला गेलो तर वापरलेला माल म्हणून नाकारला गेला. तेव्हापासून 'ओरिजिनल' हा शब्द मी कोटेशनमध्ये वाचत नाही. पार्ट नंबर, अधिकृत वितरक असल्याचे पत्र आणि पक्के बिल पाहतो. पक्क्या बिलाला दुसरेही एक कारण आहे: या साधनांवर भरलेला १८ टक्के जीएसटी नोंदणी असलेल्या व्यवसायाला इनपुट क्रेडिट म्हणून मिळतो. कच्च्या पावतीवर मिळालेली दहा टक्के सवलत हिशेबात तोट्याचीच ठरते.

आम्ही पाच ठिकाणी एकच पत्र पाठवले. स्टेशनचा दर शेवटी विचारला होता. आधी विचारले होते: या दहा पार्ट नंबरांची बिटे आज तुमच्या कपाटात किती आहेत, नसतील तर किती दिवसांत येतील, हे लेखी द्याल का, हँडल किंवा हीटर गेला तर दुरुस्ती कुठे होते आणि तोपर्यंत बदली स्टेशन देता का, आणि तुम्ही कोणाचे वितरक आहात याचा कागद. या पत्रानेच निम्मी निवड केली. एकाने फक्त स्टेशनचा दर पाठवला, बाकी प्रश्नांना उत्तरच नाही. एका मोठ्या वितरकाने सगळे कागद दिले, पण बिटांसाठी सहा आठवडे लागतील असे प्रामाणिकपणे कळवले. मुंबईच्या एका अधिकृत वितरकाने दहापैकी सात पार्ट नंबर साठ्यात असल्याचे लिहिले आणि उरलेले तीन आमच्या ऑर्डरबरोबर मागवून सहा महिने आमच्यासाठी राखून ठेवायची तयारी दाखवली. त्यांचा दर सगळ्यांत कमी नव्हता. स्टेशने, गन आणि काडतुसे आम्ही त्यांच्याकडून घेतली.

मालकांच्या नात्यातले एक गृहस्थ अमेरिकेतून येणार होते आणि तिथून स्टेशन आणायचा विचार काही दिवस जोरात होता. तिथले मॉडेल १२० व्होल्टचे, वॉरंटी इथे लागू होत नाही आणि बिल आमच्या नावावर येत नाही, एवढ्यावर तो विचार मागे पडला. परदेशी संकेतस्थळावरून थेट मागवायचे तर आयात शुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, त्यावर आयजीएसटी आणि कुरिअरचा हाताळणी खर्च धरल्यावर फरक फार राहत नव्हता. एखादे दुर्मिळ काडतूस लागले तर माउझर किंवा एलिमेंट१४सारख्या नोंदणीकृत वितरकांकडून मागवायचे, एवढी वाट मोकळी ठेवली.

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराबद्दल आमच्यात मतभेद होते. मालकांना तिथे काहीच घ्यायचे नव्हते. मी पासोड्या विठोबाजवळच्या एका जुन्या दुकानात गेलो, काउंटरवर ठेवलेली टी१२ बिटांची डबी हातात घेतली आणि विचारले, "काका, हे ओरिजिनल का?" त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "नाही साहेब. हे चायना आहे. चालतं, पण हे मी तुम्हाला ओरिजिनल म्हणून विकणार नाही. रोजच्या कामाला घेऊ नका." मग त्यांनी आतून सोल्डर विकची (वितळलेले सोल्डर शोषून घेणाऱ्या तांब्याच्या वेणीची) दोन रिळे आणली, एकीचे टोक माझ्यासमोर फ्लक्सविना बिटाखाली धरले आणि दाखवले की ती सोल्डर ओढत नाही, दुसरी ओढत होती. पहिली त्यांनी परत आत ठेवली. विक, आयसोप्रोपिल अल्कोहोल, पितळी लोकर, ब्रश, कॅप्टॉन (उष्णता सहन करणारी) टेप हा माल आता आम्ही त्यांच्याकडून पक्क्या बिलावर घेतो. एखादी वस्तू संपली तर दुसऱ्या दिवशी मिळते, आणि हे भोसरीहून स्कूटरवर अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर असणे ही मोठी सोय आहे.

फ्लक्सच्या बाबतीत मात्र मी बाजारातली फ्लक्स भरलेली सिरिंज घेत नाही. अॅमटेक कंपनीच्या एनसी-५५९ या फ्लक्सच्या नकला सर्वत्र विकल्या जातात, त्यांत नेमके काय आहे हे लेबलावरून कळत नाही, आणि धुतले न गेलेले फ्लक्स उच्च दाबाच्या दोन ट्रॅकांमध्ये राहिले तर काही महिन्यांनी विजेची गळती सुरू होते. फ्लक्स आणि सोल्डर तार आम्ही वितरकाकडूनच, लॉट नंबर आणि वापराची मुदत पाहून घेतो.

त्यानंतर

ऑगस्टच्या अखेरीस माल आला. पहिल्याच दिवशी प्रत्येक बिटाचा अर्थिंग रोध मोजून कागदावर लिहिला आणि तो कागद टेबलाच्या बाजूला चिकटवला. दर महिन्याला नवी ओळ भरली जाते. सगळ्या स्टेशनांचे तापमान ३५० वर बसवून ठेवले आहे, आणि ३८० च्या पुढे जायचे असेल तर आधी कार्ड खालून गरम करायचे, असा नियम आहे. पहिले दोन आठवडे हात सवयीने पुन्हा आकड्याकडे जात होते, कारण जुन्या स्टेशनवर तोच एक उपाय होता. बंद करण्याआधी टोकावर सोल्डरचा जाड थर ठेवायचा, हेही शिकवावे लागले. कोरडे ठेवलेले महाग काडतूस सकाळी काळे झालेले एकदा मिळाले, आणि ते पुन्हा सोल्डर धरू लागेपर्यंत बराच वेळ गेला.

जूनमधल्या त्या ड्राइव्हसारखेच दुसरे कार्ड सप्टेंबरमध्ये आले. ताईंनी ते प्रीहीटरवर चढवले, कार्डाला १०० अंश येईपर्यंत थांबल्या, ऋण पिनेवर थोडे शिसेयुक्त सोल्डर घातले, गन बसवली, पिन फिरवली आणि घोडा दाबला. भोक पलीकडच्या दिव्याला धरले तर आतली नळी चहूबाजूंनी चमकत होती. जंपर लागला नाही. ते कार्ड अजून परत आलेले नाही.

एक अडचण मात्र राहिली आहे. मोठ्या सर्वो ड्राइव्हचे कार्ड आमच्या प्रीहीटरपेक्षा लांब आहे; अर्धे कार्ड गरम आणि अर्धे थंड राहिले की ते वाकते आणि मधल्या थरांवर ताण येतो. त्यासाठी मोठ्या आकाराच्या, दोन भाग स्वतंत्रपणे तापवता येतील अशा प्रीहीटरचे कोटेशन मागवले आहे, आणि पत्रात पहिला प्रश्न याही वेळी हीटरच्या सुट्या भागांचाच आहे.